पोलिसांकडे अर्ज कसा द्यावा आणि नंतर त्यांना विचारत कसं राहावं

सरकारी कार्यालयात माझी उभी नोकरी आवक-जावकच्या टेबलावर गेली. त्यामुळे पुण्यात धनकवडीला आमच्या भागात कुणाला पोलिसांकडे जायचं असलं की आमची बेल वाजते आणि पहिला प्रश्न येतो, "काकू, तिथे कुणी ओळखीचं आहे का?" अहो, ओळखीचे साहेब बदलून जातात. आवक क्रमांक पडलेला अर्ज जात नाही.

अर्ज 'मा. वरिष्ठ पोलीस निरीक्षक' यांच्या नावे, पदाला उद्देशून, एका पानात. तारीख, वेळ, जागा, काय घडलं, कुणी पाहिलं. शेवटी "योग्य ती कारवाई व्हावी" असं गुळमुळीत लिहू नका. "गुन्हा नोंदवून एफआयआरची प्रत मिळावी" असं लिहा. दोन प्रती न्या. दुसरीवर शिक्का, तारीख, सही आणि आवक क्रमांक घ्या. "ठेवून जा, साहेब बघतील" म्हणाले तर हसतमुखानं तिथेच उभं राहायचं. अगदीच नाही म्हणाले तर स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपा.

आमच्या कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींचा मोबाइल दुचाकीवरच्या दोघांनी हातातून ओढून नेला. चौकीत सांगितलं, "ऑनलाइन गहाळची नोंद करा, सिमकार्ड मिळून जाईल." सिमकार्ड मिळतं हो, पण गहाळच्या नोंदीत चोरच नसतो, मग तपास कुणाचा करणार? मी मावशींना ओट्यावर बसवलं आणि त्या सांगतील तसं लिहून घेतलं: कोणत्या बाजूनं आले, मागच्यानं कोणत्या हातानं ओढला, गाडीचा रंग. खाली भारतीय न्याय संहितेचं कलम 304 घातलं; हिसकावून नेण्याचा गुन्हा त्यात येतो. चौकीऐवजी थेट पोलीस ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदारांनी कागद दोनदा वाचला, आत जाऊन आले आणि गुन्हा नोंदवला. मोबाइल काही मिळाला नाही. पण चोरी चोरी म्हणून कागदावर आली.

एफआयआरची प्रत फुकट मिळते, पैसे द्यायचे नाहीत. तपास कुठवर आला हे 90 दिवसांत फिर्यादीला कळवणं बंधनकारक आहे. गुन्हा नोंदवून घेतलाच नाही, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) प्रमाणे हाच मजकूर टपालानं पोलीस उपायुक्तांकडे पाठवा. तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. पिंपरी-चिंचवडकरांनो, तुमचं आयुक्तालय 2018 पासून वेगळं आहे, पुण्याच्या पत्त्यावर टपाल धाडू नका.

तक्रार पोलिसांविरुद्धच असेल, म्हणजे कोठडीत मारहाण, बेकायदा अटक, खंडणी, लाचखोरी, जागा बळकावणं, तर पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. सर्वोच्च न्यायालयानं 2006 मध्ये पोलीस सुधारणांच्या प्रकाश सिंह खटल्यात आदेश दिला, त्यातून हे आलं. पुणे विभागासाठी वेगळं प्राधिकरण आहे. ते चौकशी करून सरकारकडे अहवाल पाठवतं, स्वतः कुणाला बडतर्फ करत नाही. हे आधीच माहीत असलेलं बरं. हवालदार उद्धट बोलला एवढ्यासाठी तिकडे धावू नका, त्याला वरिष्ठ निरीक्षक पुरे.

आता माझ्या आवडीचं काम. माहिती अधिकाराचा अर्ज, 10 रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, 150 शब्दांच्या आत. "मोबाइल चोरीचा तपास का होत नाही?" असं विचाराल तर उत्तर येणार नाही. "गेल्या वर्षी या ठाण्यात मोबाइल गहाळच्या नोंदी किती आणि मोबाइल चोरीचे गुन्हे किती, महिनावार" असं विचारा. 30 दिवसांत उत्तर यायला हवं. नाही आलं तर 20 रुपयांत पहिलं अपील.

ते आकडे घेऊन गणपतीआधी पोलीस ठाणं रहिवाशांना बोलावून घेतं त्या शांतता समितीच्या बैठकीला जा. तिथे मंडळांचे कार्यकर्ते पुढच्या खुर्च्या धरतात, मंडप, स्पीकर आणि मिरवणूक यांतच वेळ संपतो, मग चहा आणि फोटो. तुम्ही चहाच्या आधी उठा. भाषण नको, दोन आकडे आणि एक प्रश्न, बास. आवाज चढवला की विषय तुमच्या आवाजावर जातो, हे मी अनेकांचं पाहिलंय. बैठकीचं इतिवृत्त मागून घ्या आणि पुढच्या बैठकीत त्यावरच बोला. बायकांच्या तक्रारींत पोलिसांना मदत करणाऱ्या, ठाण्याच्या महिला दक्षता समितीवर कोण आहे, शेवटची बैठक कधी झाली, हेही तिथेच विचारा.

सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2020 मध्ये प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही लावून चित्रण 18 महिने, निदान वर्षभर जपायला सांगितलंय. ठाण्यात काही गैर घडलं तर तारीख आणि वेळ घालून चित्रण राखून ठेवण्याचा अर्ज लगेच द्या. 2 जानेवारीच्या पोलीस स्थापना दिनाच्या आठवड्यात शाळकरी मुलांना ठाण्यात बंदुका दाखवतात. मुलांबरोबर तुम्हीही जा, आणि मुलं बंदुकांत रमली की कॅमेरे कुठेकुठे लावलेत ते बघून ठेवा.