कादंबरीची खतावणी

२०१४ सालच्या माझ्या वहीत एक नोंद आहे : ‘भाषा ओघवती. व्यक्तिचित्रं ठसठशीत. शेवट चटका लावणारा. जरूर वाचावी.’ कादंबरीचं नाव लिहायचं तेवढं राहिलं. भाच्याला दाखवली तर तो म्हणाला, "मामा, ही कुठल्याही पुस्तकाखाली चिकटवा, बसतेच."

बसते खरी. आणि लाज अशाची, की मी लासलगावला कांद्याच्या आडतीवर तीस वर्षं दिवाणजी होतो. हिशेबपट्टीवर ‘माल चांगला’ असं लिहून चालत नाही. वजन किती भरलं, भाव काय फुटला, हमाली-तोलाई किती गेली, शेतकऱ्याच्या हातात काय पडलं, सगळं मांडावं लागतं. कादंबऱ्यांचं मात्र मी वर्षानुवर्षं ‘माल चांगला’वर भागवलं. आता भाच्याला स्वतःची वही सुरू करायचीय, म्हणून माझी सध्याची पद्धत सांगतो.

वही कोणतीही चालेल. डावं पान वाचता वाचता लिहायचं, उजवं वाचून झाल्यावर. डाव्या पानावर नुसता पान नंबर आणि चार शब्द : कुठे थबकलो, कुठे हसलो, कुठे मागे जाऊन पुन्हा वाचलं. जांभई आली ते पानही लिहायचं, पुढे तेच जास्त कामाला येतं. पुस्तक वाचनालयाचं असेल तर त्याला पेन्सिल लावायची नाही. मी जुन्या कॅलेंडरच्या पट्ट्या कापून ठेवतो आणि पानात घालतो. (परत देताना काढून घ्या. माझी एक पट्टी ‘गॅस नंबर लावणे’ या मजकुरासकट कोणाच्या तरी घरी गेली आहे.)

उजवं पान त्याच रात्री लिहू नका. शेवटचं पान मिटल्यावर तासभर माणूस शेवटाच्याच तंद्रीत असतो, मधली दोनशे पानं रखडली होती हे त्याला आठवत नाही. दोन दिवस जाऊ द्या. आठवडा गेला तर मात्र पात्रांची नावंही हातातून सुटतात.

उजव्या पानाच्या माथ्यावर नाव, लेखक आणि पुस्तक पहिल्यांदा आलं ते साल लिहा. सालाला मी पूर्वी किंमत देत नसे. या पावसाळ्यात विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ पुन्हा वाचली, १९३९ ची. युरोपातून पूर्वेला निघालेली बोट, तिच्यावर जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू, त्यांच्यातली हर्टा आणि आपला चक्रधर यांची बोटीवरच्या दिवसांपुरती ओळख. पुस्तक आलं त्याच वर्षी सप्टेंबरात महायुद्ध पेटलं. मागे राहिलेल्या ज्यूंचं पुढे काय झालं, ते लिहिणाऱ्याला ठाऊक असणं शक्य नव्हतं. मला ठाऊक आहे. त्यामुळे बोटीवरची साधी थट्टामस्करी वाचतानाही पोटात गोळा येत होता. हा गोळा बेडेकरांनी आणला की मी माझ्याबरोबर आणला, हे वहीत लिहायला मला अर्धं पान लागलं. माझं उत्तर : निम्मा निम्मा.

आता खरी अडचण. सगळ्या कादंबऱ्या एकाच काट्यावर घालू नका.

ऐतिहासिक घ्या. रणजित देसाईंची ‘स्वामी’ १९६२ ची, मी तिसऱ्यांदा वाचली. थोरले माधवराव १७७२ मध्ये थेऊरला क्षयाने गेले, रमाबाई सती गेल्या, हे शाळेत असल्यापासून पाठ. म्हणजे ‘पुढे काय होणार’ ही उत्सुकता मुळातच नाही. तरीही पानं उलटली जातात. का, हे लिहा. माझ्यापुरतं कारण असं, की इतिहासात दोन ओळींत आटोपतात ते नवराबायकोतले क्षण देसाईंनी सावकाश फुलवले आहेत. नावे बाजूला, म्हणजे हिशेबातल्यासारखं उण्याच्या बाजूला, मी लिहिलंय, सगळेजण एकाच भारदस्त सुरात बोलतात. विशीत असताना याच सुरावर मी जीव टाकला होता, तेही लिहिलंय.

भयकादंबरीला एकच प्रश्न : भीती वाटली का? हो म्हणालात तर केव्हा आणि कुठे वाचत होतात तेही टिपा. नारायण धारपांची ‘लुचाई’ मी दुपारी ओट्यावर बसून सुरू केली तेव्हा काही वाटलं नाही. रात्री लाईट गेल्यावर बॅटरीच्या उजेडात पुढची पानं वाचली आणि परसदाराची कडी तीनदा बघून आलो. तिचा सांगाडा स्टीफन किंगच्या ‘सालेम्स लॉट’चा आहे. तेही नोंदवायचं. पण त्यासाठी मी गुण कापले नाहीत, कारण कडी बघायला मी उठलो होतो, किंग नव्हे.

विज्ञानकादंबरीत आधी कल्पना तोला. जयंत नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’मध्ये जमिनीत खोल सापडलेल्या जुन्या पेटीतली माहिती वापरून यंत्रमानव घडवतात. कल्पना अशी, की मी जेवताना बायकोला सगळी सांगून टाकली. माणसं मात्र शेवटपर्यंत चेहऱ्याने ओळखू आली नाहीत, यंत्रमानवच जास्त लक्षात राहिला. दोन्ही लिहून ठेवलं. रहस्यकथेत खुनी कोण ते वहीच्या मागच्या पानावर, वही उलटी धरून लिहा. बाकी मोकळेपणाने लिहिता येतं.

बोलीतली कादंबरी असेल तर पहिली तीसेक पानं मोठ्याने वाचा. मत त्यानंतर. कृष्णात खोतांची ‘रिंगाण’ (हिला २०२३ चा साहित्य अकादमी मिळाला) हातात घेतली तेव्हा माझ्या नाशकाकडच्या कानाला कोल्हापूरकडची बोली अडत होती. दोन बैठकींत पंधरा पानं झाली आणि मी ‘जड आहे’ असं लिहूनही टाकलं. मग ओट्यावर बसून मोठ्याने वाचायला लागलो. शेजारचा गडी गोठा झाडता झाडता थांबून ऐकायला लागला, तेव्हा समजलं, जड पुस्तक नव्हतं. ‘जड आहे’ खोडलं. खोडलेलं दिसेल असंच खोडायचं, रोजकीर्दीत खाडाखोड करतात तसं, एक रेघ मारून.

शेवटचा रकाना ‘कोणाला द्यावी, कोणाला देऊ नये’. हा रकाना मी उशिरा सुरू केला आणि तो एका चुकीमुळे. आमच्या व्याह्यांनी एकदा विचारलं, काहीतरी चांगलं वाचायला द्या. मी वही उघडली. नेमाड्यांच्या ‘कोसला’पुढे माझंच अक्षर : ‘विलक्षण. जरूर वाचावी.’ दिली. १९६३ ची ती कादंबरी मी एकोणिसाव्या वर्षी वाचली होती आणि त्या वयात पांडुरंग सांगवीकरचं पुणं, त्याचं ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’, एवढंच डोक्यात भिनलं होतं. कॉलेजात महिनाभर तसंच बोलत फिरलो. त्यात त्याची धाकटी बहीण मनी देवीने जाते, हे वहीत नव्हतं. व्याह्यांची पुतणी आदल्याच वर्षी तापाने गेली होती. पुस्तक आठ दिवसांनी परत आलं, वर्तमानपत्रात नीट गुंडाळून. ते काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

त्यानंतर मी ‘कोसला’ पुन्हा वाचली, अठ्ठावन्नाव्या वर्षी. आता त्याच पानावर दोन नोंदी आहेत, दोन शाईंतल्या. दुसरीत ‘वगैरे’चा उल्लेखही नाही. पोराच्या उधळपट्टीचे पैसे गावाकडून पुरवणाऱ्या बापाकडे या वेळी लक्ष गेलं, आणि मनीची पानं मी सलग वाचू शकलो नाही. जुनी नोंद फाडू नका. आपण तेव्हा काय बघितलं नाही, हे तिच्याशिवाय कळत नाही.

न आवडलेल्या पुस्तकाबद्दल एवढंच : कितव्या पानावर सोडलं ते प्रामाणिकपणे लिहा. साठाव्या पानावर सोडून ‘शेवट फसला’ असं लिहिलेली माझी एक नोंद आहे.

भाचा म्हणाला, एक पूर्ण नोंद दाखवा. परवाच लिहिलेली ही :

‘बनगरवाडी. व्यंकटेश माडगूळकर. १९५५. दुसऱ्यांदा. माणदेशातली धनगरांची वाडी, शाळेवर आलेला कोवळा मास्तर. पहिल्या वाचनात तालमीची हकीकत आवडली होती, आताही आवडली. आनंदा रामोशी चोर असून त्याचा राग येत नाही, तो का येत नाही हे शोधत त्याची पानं पुन्हा वाचली, सापडलं नाही. जांभई : एकही नाही. पुस्तक छोटं, दोन दुपारी पुरल्या. दुष्काळात मेंढरं मरतात, माणसं वाडी सोडून जातात, मास्तर मागे उरतो. लेखक इथे रडारड करत नाही, एकेक घर नुसतं रिकामं होत जातं. बाजार बंद असला की आमच्या लिलावाच्या ओट्यावर असंच वाटायचं. नावे : काही सुचत नाही, महिन्याने पुन्हा बघणे. कोणाला द्यावी : धाकट्या भावाला, त्याच्याकडे अजून चार शेळ्या आहेत. कोणाला देऊ नये : यंदा पाऊस येईपर्यंत त्यालाच.’