आधी गळ्यात, मग पेटीवर

ऐकून पेटी वाजवायला शिकायचं असेल, तर सुरुवातीला पेटीचा भाता बंदच ठेवा. मी उलटं करायचो. गाणं लावायचं आणि चाचपडत पट्ट्या दाबत सुटायचं. ओळ कशीबशी जमायची, दुसऱ्या दिवशी पार विसरलेली असायची. आता नवी चाल आधी गुणगुणतो. ती गळ्यातून येत नाही तोवर ऐकलीच नाही, असं धरतो. गोड गळा लागत नाही. सूर चढला की उतरला, एवढं कळलं तरी पुरे.

मग सा, म्हणजे चालीचा आधारस्वर, शोधायचा. नवशिके इथेच अडकतात, कारण चालीचा पहिला सूर म्हणजे सा असं आपण गृहीत धरतो. माझी एक साधी चाल आठवडाभर अडली होती. सगळे शुद्ध स्वर लावत होतो, पण निषाद (नी) आला की कानाला टोचायचा. कोमल, म्हणजे थोडा उतरलेला, नी घेतला की बरोबर बसायचा. शिवाय ओळ संपायची मध्यमावर (म)! शेवटी उलगडलं: चाल पंचमावरून (प) उठत होती. मी त्या प ला सा मानलं होतं, त्यामुळे खरा म मला कोमल नी वाटत होता आणि खरा सा मध्यम. तेव्हापासून मी ओळीची सुरुवात नाही, विसाव्याची जागा बघतो. ओळ जिथे निवांत टेकते, तो सूर मोबाइलवरच्या तानपुऱ्यात लावायचा आणि त्यावर अख्खी चाल गुणगुणायची. सा चुकला असेल तर लगेच खटकतं.

पहिल्या चाली भूप रागातल्या घ्या. सा रे ग प ध, एवढेच पाच स्वर. म आणि नी नाहीतच, त्यामुळे चुकायला जागा कमी. चार-पाच सुरांचा एकेक तुकडा घ्या. हल्ली सूर न बदलता गाण्याची लय निम्मी करता येते, त्याचा खुशाल उपयोग करा.

चाल बसली असं वाटलं की काळी एकवरून पांढरी चारवर, म्हणजे सा दुसऱ्या पट्टीवर धरून, वाजवा. तिथे कोलमडली, तर कानाऐवजी बोटांनी पाठ केली आहे. पुन्हा सरगम म्हणा.

मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, मात्र पेटीवर येत नाही, कारण पेटीचे सूर सुटे आहेत. त्यामुळे मींड जिथून निघते आणि जिथे पोचते, ते दोनच सूर आधी नेमके पकडा. मधले कण, म्हणजे ओझरते सूर, नंतर.