कठीण बाजू आपोआप स्वच्छ होत नाही: घर्षण वेल्डिंगची माझी सुरुवात

खानापूर तालुक्यातील मराठी शाळेतून दहावी होऊन मी बेळगावात मेकॅनिकल डिप्लोमाला आलो, तेव्हा वेल्डिंग म्हणजे ठिणग्या आणि वितळलेला धातू, एवढेच मला ठाऊक होते. उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात शिकाऊ म्हणून घर्षण वेल्डिंगच्या मशीनवर उभा राहिलो आणि पहिल्याच दिवशी कळले की येथे धातू वितळू द्यायचा नसतो. एक तुकडा चकमध्ये, म्हणजे तुकडा घट्ट धरणाऱ्या पकडीत, फिरतो, दुसरा त्यावर दाबला जातो, सांध्याजवळचा धातू तापून मऊ पडतो आणि फिरणे थांबवून दाब वाढवला की कडेने फ्लॅशची, म्हणजे दाबाने बाहेर सरकलेल्या मऊ धातूची, कॉलर बाहेर येते. लहान व्यासाच्या दांड्याला हे सारे काही सेकंदांत उरकते.

उच्च तापमान सोसणाऱ्या मिश्रधातूंसाठी हे न वितळणेच मोलाचे आहे. टर्बोचार्जरच्या चाकाला वापरतात त्या इन्कोनेल ७१३ सी या ओतीव निकेल मिश्रधातूत ॲल्युमिनियमचे प्रमाण बरेच असल्याने तो वितळवून जोडताना तडे जाण्याचा धोका मोठा असतो. घर्षणाने मात्र तो पोलादी शाफ्टला जोडता येतो. इंजिनच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हमध्येही २१-४एन या पोलादाचे डोके धग सोसते आणि ईएन ५२ या दुसऱ्या पोलादाचा दांडा कडक करता येतो, म्हणून दोन्ही पोलादे एकाच तुकड्यात हवी असतात.

माझी चूक निकेल मिश्रधातू आणि पोलादाच्या चाचणी-तुकड्यांवर झाली. संध्याकाळच्या पाळीत फेसिंग केलेले, म्हणजे लेथवर तोंड सपाट कातलेले, तुकडे मी रात्रभर उघड्या ट्रेमध्ये ठेवले आणि सकाळी तेलकट हातांनीच चकमध्ये धरले. फ्लॅश सुरेख गोल आली होती. वाकवण्याच्या चाचणीत मात्र पहिलाच तुकडा सांध्यावर सपाट तुटला आणि निकेलच्या तोंडावर, मध्यभागी, लेथच्या टूलची बारीक वर्तुळे जशीच्या तशी दिसली. मशीनची जुळणी करणाऱ्या सेटर काकांनी तो तुकडा माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, “ही वर्तुळं बघ. इथं जोड झालाच नाही.”

कारण असे, की दोन्ही बाजू एकाच पोलादाच्या असल्या तर दोन्हींचा थर फ्लॅशमध्ये वाहून जातो आणि मळ, गंज बऱ्याच अंशी बाहेर पडतो. निकेल मिश्रधातू मात्र त्या तापमानालाही ताठ राहतो, त्यामुळे जवळजवळ सगळी फ्लॅश पोलादाची निघते आणि निकेलच्या तोंडावरचा तेलाचा थर सांध्यातच अडकतो. त्यातून १६ मिमी व्यासाचा दांडा मिनिटाला १५०० फेरे घेत असला, तर कडेला वेग सेकंदाला सुमारे १.२५ मीटर असतो, पण केंद्राशी तो शून्य असतो. म्हणून कमजोरी आधी मध्यभागी दिसते. तेव्हापासून कठीण बाजूचे फेसिंग मी वेल्डिंगच्या अगदी आधी करतो आणि ॲसिटोनने पुसल्यावर त्या तोंडाला बोट लागू देत नाही.

ॲल्युमिनियम आणि पोलाद जोडताना काळजी वेगळी: घर्षणाचा वेळ लांबला की मध्ये लोह-ॲल्युमिनियम संयुगाचा ठिसूळ थर जाड होतो. तेथे वेळ कमीत कमी ठेवून शेवटचा दाब पुरेसा द्यावा लागतो.

या कामात येऊ पाहणाऱ्यांना माझे सांगणे आहे की, धातुशास्त्राचा पेपर केवळ पास होण्यापुरता वाचू नका. ईएन ५२ हवेत थंड होतानाच कडक होते, हे वर्गात एका ओळीत संपते. पण वेल्डिंगनंतर ताण काढण्याच्या भट्टीत जायला उशीर झालेल्या तुकड्याला तडा जाऊ शकतो, हे त्याच ओळीत दडलेले असते. पुस्तके इंग्रजीत आहेत आणि मशीनवरचे बोलणे निम्मे कानडीत, निम्मे मराठीत चालते. दोन्ही समजून घ्या, कारण दाब बदलल्याची सूचना कधी कोणत्या भाषेत येईल सांगता येत नाही. आणि चाचणीत तुटलेला तुकडा भंगारात टाकण्याआधी त्याची दोन्ही तोंडे उजेडात धरून नीट पाहा.