कान्कूनला जाताय? या चुका टाळा

मेक्सिकोतल्या कान्कूनची सहल बिघडते ती बहुतेक वेळा बुकिंग करतानाच. हॉटेलचे फोटो सगळे तासन् तास पाहतात, पण व्हिसाची तारीख आणि किनाऱ्याची दिशा पाहायची राहून जाते.

व्हिसापासून सुरुवात करू. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा युरोपातला शेंगेन यांपैकी एखादा चालू व्हिसा असेल, तर भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोचा वेगळा पर्यटक व्हिसा लागत नाही. अडकतात ती अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर राहणारी आपली मंडळी. पासपोर्टमधल्या व्हिसा स्टॅम्पची मुदत संपलेली असते, हातात आय-७९७, म्हणजे अमेरिकी सरकारचा मंजुरीचा कागद, असतो आणि तेवढ्यावर भागेल असं वाटतं. मेक्सिकोच्या लेखी तो कागद म्हणजे व्हिसा नव्हे. चेक-इनच्या काउंटरवरूनच परत फिरावं लागतं. ३० दिवसांत परतणाऱ्यांना संपलेल्या स्टॅम्पवर अमेरिकेत पुन्हा घेण्याची सवलत आहे, पण ती परतीची. मेक्सिकोत शिरायला तिचा उपयोग नाही. स्टॅम्प संपला असेल तर आधी मेक्सिकन वकिलातीतून व्हिसा घ्या, मग तिकीट काढा.

आता किनारा. कान्कूनची हॉटेलपट्टी इंग्रजी ७ च्या आकाराची आहे आणि तिथले पत्ते बुलेवार कुकुल्कान रस्त्याच्या किलोमीटरवर चालतात. साधारण ३ ते ९ किलोमीटरची वरची आडवी बाजू उत्तरेकडे तोंड करून आहे. समोर इस्ला मुखेरेस बेटाचा आडोसा असल्यामुळे पाणी शांत आणि उथळ. लहान मुलं बरोबर असतील तर इथेच राहा. पुढची उभी बाजू थेट पूर्वेला, खुल्या समुद्रावर. निळाई इथली सर्वांत सुंदर, पण लाटा जोरदार आणि ओढही तशीच. लाल बावटा असेल तर पाण्यात उतरू नका. काळा म्हणजे किनारा बंद.

पूर्वेकडच्या किनाऱ्यांवर, म्हणजे कान्कूनच्या दक्षिणेच्या प्लाया देल कार्मेन आणि तुलूम या गावांतसुद्धा, साधारण एप्रिल ते ऑगस्टमध्ये सार्गासम नावाचं तपकिरी शेवाळ वाहून येतं. वाळूवर त्याचे ढीग साचतात, कुजले की सडक्या अंड्यांसारखा वास सुटतो. हॉटेलवाले रोज उपसतात, तरी दुसऱ्या सकाळी नवीन थर हजर. तुमच्या मुक्कामात ते आलंच तर खोलीत बसून राहू नका. कान्कूनच्या प्वेर्तो ख्वारेस धक्क्याहून फेरीने वीसेक मिनिटांत इस्ला मुखेरेसचा प्लाया नोर्ते किनारा गाठा, किंवा सेनोतेत, म्हणजे चुनखडीतल्या गोड्या पाण्याच्या डोहात, पोहायला जा. १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा मोसम असतो. ऑगस्ट ते ऑक्टोबरचं बुकिंग रद्द करता येईल असंच घ्या.

घड्याळाची चूक छोटी, पण दिवस घालवते. कान्कूनची वेळ वर्षभर एकच, भारताच्या साडेदहा तास मागे. माया संस्कृतीचे अवशेष असलेलं चिचेन इत्झा मात्र शेजारच्या युकातान राज्यात आहे आणि तिथली वेळ आणखी एक तास मागे. जाताना तास मिळतो, परतताना जातो. संध्याकाळची फेरी किंवा विमान ठरवताना तो धरा.

शाकाहारींनी ‘सोय वेखेतारियानो’ (मी शाकाहारी आहे) म्हणून थांबू नये. मांसाचे तुकडे ताटातून वगळले जातात, पण घोटलेल्या बीन्सवरची ती चकाकी बरेचदा डुकराच्या चरबीची असते आणि भात कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असतो. म्हणून दोन प्रश्न विचारा: ‘तिएने मान्तेका?’ आणि ‘तिएने काल्दो दे पोयो?’ पहिला चरबीचा, दुसरा त्या पाण्याचा.

मेनूवर डॉलरचं चिन्ह दिसलं तरी आकडा बहुधा पेसोंमध्ये, म्हणजे मेक्सिकोच्या चलनात असतो, खात्री करा. कार्डाच्या मशीनने कोणत्या चलनात पैसे द्यायचे असं विचारलं तर पेसोच निवडा आणि एटीएमने देऊ केलेला रूपांतराचा दर नाकारा, तो जवळजवळ नेहमीच महाग पडतो.

विमानतळावर कस्टम्स ओलांडल्यावर गणवेशातली माणसं ‘तुमची गाडी कुठली?’ म्हणून अडवतात. यातले बरेचजण टाइमशेअर, म्हणजे रिसॉर्टमध्ये दरवर्षी ठरावीक दिवस राहण्याचा हक्क, विकणारे असतात. न थांबता दाराबाहेर जा आणि आधी ठरवलेल्या गाडीची पाटी शोधा. त्यांच्या फुकट नाश्त्याच्या आमिषाने करारावर सही होऊन गेलीच, तर मेक्सिकोच्या नियमांनुसार कामकाजाच्या पाच दिवसांत करार दंडाशिवाय रद्द करता येतो. तसं लेखी कळवा आणि पोच घ्या.

सेनोतेत उतरण्याआधी अंघोळ करून सनस्क्रीन धुवून टाकायला सांगतात. उन्हासाठी लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट सोबत ठेवा.