पाकिटावर मूळ देश छापताय? या चुका टाळा

मूळ देश कोणता छापायचा, या प्रश्नावर लोक सर्वात कमी वेळ घालवतात आणि नंतर सर्वात जास्त पैसे. दुसऱ्याच्या पाकिटाचा फोटो डिझायनरला पाठवायचा, 'असंच करून दे' म्हणायचं आणि थेट छपाईला द्यायचं.

सगळ्यांची लाडकी चूक म्हणजे माल बाहेरचा, पाकीट आपलं, म्हणून 'प्रॉडक्ट ऑफ इंडिया'. ऐन दिवाळीच्या तोंडावर एक तरुण सुकामेवावाला माझ्याकडे लेबल तपासून घ्यायला आला, तोवर पाऊच छापून गोदामात येऊन पडले होते. बदाम कॅलिफोर्नियाचे, घेतलेले आयातदाराकडून. "पण सर, निवडतो आम्ही, चाळतो आम्ही, ग्रेडिंग आमच्याकडे होतं!" होतं ना. पण एफएसएसएआयच्या, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या, २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार प्रक्रियेने पदार्थाचं स्वरूपच बदललं, तरच प्रक्रिया झाली तो देश मूळ देश ठरतो. बदाम चाळले तरी बदामच राहतात. त्यांची बर्फी केली असती तर गोष्ट वेगळी. मग त्याने विचारलं, "कोण बघतंय?" चुकीच्या लेबलला अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ५२ खाली तीन लाखांपर्यंत दंड आहे म्हटल्यावर पाऊच मुकाट्याने रद्दीत गेले. खरेदीचं बिल आणि मूळ खोक्यावरच्या लेबलाचा फोटो हातात आल्याशिवाय मी मजकुराची एक ओळ लिहीत नाही. घाईवाल्यांनी दुसरीकडे जावं.

बारकोड ८९० ने सुरू होतो म्हणजे माल भारतीय, हाही एक अमर गैरसमज. कंपनीने तो नंबर जीएस१ इंडिया या बारकोड नंबर देणाऱ्या संस्थेकडून घेतलाय, एवढंच त्यातून कळतं. एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांकही धंदा कोणाचा ते सांगतो, माल कुठला ते नाही. 'मार्केटेड बाय'खालच्या पत्त्याचंही तेच.

'राहिलं तर इथे स्टिकर मारू' हा आयातदारांचा आवडता शॉर्टकट. कस्टम्सच्या गोदामात आयातदाराचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, शाकाहारी-मांसाहारी चिन्ह अशा मोजक्याच गोष्टी स्टिकरने भरून काढता येतात. मूळ देश त्यात नाही. तिकडून माल निघण्याआधीच लेबलाचा फोटो मागवा.

ऑनलाइन विकत असाल तर आयात मालाचा मूळ देश साइटवरही दिसला पाहिजे. वैधमापनवाले, म्हणजे वजन-मापं आणि पाकिटावरचा मजकूर तपासणारं सरकारी खातं, तिथेही बघतात.

कर्नाटकच्या आंब्याच्या पेटीवर 'रत्नागिरी हापूस' छापू नका. हापूसचं २०१८ चं जीआय (भौगोलिक मानांकन) कोकणातल्या पाच जिल्ह्यांपुरतं आहे.

आणि सगळं लेबल फक्त मराठीत नको. इंग्रजी किंवा हिंदी लागतेच, मराठी जोडीला हवी तेवढी घाला.