उन्हाळ्यात खाडी पाहायची तर आधी तिथी बघा

दुर्बीण, पाणी, टोपी हे सांगायला नको. पायात मात्र जुने कॅनव्हासचे बूट घाला. चप्पल पहिल्याच पावलाला चिखलात राहते आणि अनवाणी गेलात तर दगडाला चिकटलेली कालवं तळवा चिरतात.

'पहाटे लवकर जा' हा सल्ला जो तो देतो. खाडीला तो लागू नाही. पहाटे ऐन भरती असली की खेकडे बिळात, बगळे झाडावर, आणि तुम्ही नुसतं पाणी बघून परत. आधी तिथी बघा, मग गजर लावा.

तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं. येईल तो भरतीचा तास. द्वितीया घ्या. दोन त्रिक सहा, भागिले चार, म्हणजे दीड. रात्री दीडच्या सुमारास भरती, तिथून सव्वासहा तासांनी, पावणेआठला, पूर्ण ओहोटी. तृतीयेला उत्तर 2.25 येतं आणि लोक 2 वाजून 25 मिनिटं धरतात. ते सव्वादोन असतं. पक्ष शुक्ल असो की कृष्ण, मोजणी प्रतिपदेपासून नव्याने. हे गणित मुंबईचं, आणि तेही ढोबळ. मालवण-वेंगुर्ल्याकडे भरती मुंबईच्या आधी लागते, आणि खाडीत जितकं आत जाल तितका तिला उशीर होतो. आपल्या जागेचा फरक तिथल्या पागणाऱ्याला, म्हणजे जाळं फेकून मासे धरणाऱ्याला, विचारा. एकदा कळला की तोच कायम लावायचा.

मे महिन्यात द्वितीया-तृतीयाच धरा, दुसरा दिवस शोधूच नका. ओहोटी ऊन तापायच्या आत मिळते. शिवाय पुनवेचं किंवा अवसेचं उधाण अजून उतरलेलं नसतं, त्यामुळे पाणी पार खाली जातं आणि चिखल लांबवर उघडा पडतो. अष्टमी-नवमीच्या भांगात, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असताना, ओहोटी अर्धीमुर्धी, तीही भर दुपारी. त्या दिवशी घरी आंबे खा.

पूर्ण ओहोटीच्या दीड तास आधी पोचा, सूर्य पाठीशी घ्या आणि बांधावर बसा. उभं राहायचं नाही. फिडलर खेकड्याचे डोळे देठांवर असतात. आभाळाच्या बाजूला काही उंच हललं की अख्खा चिखल क्षणात रिकामा. दहा मिनिटं दम धरा. आधी बिळाच्या तोंडाशी डोळे दिसतील, मग खेकडा. नराची एक नांगी जवळजवळ अंगाएवढी, कुणाची उजवी, कुणाची डावी. ती हलवून तो मादीला बोलावतो, त्यामुळे खायला त्याला एकच हात उरतो. मादी दोन्ही छोट्या नांग्यांनी भराभर चिखल तोंडात घालते. खाणं चाळून झालं की उरलेल्या चिखलाची गोळी बाजूला पडते. पलीकडे निवटे, म्हणजे चिखलावर वावरणारे मासे, उड्या मारत असतील. मधेच एखादा अंग ओलं करायला चिखलात कूस बदलतो. मोबाईल उंच धरलात की दहा मिनिटं पुन्हा पहिल्यापासून.

खंड्या, बगळे, ब्राह्मणी घार आपण होऊन दिसतात.

फुलं परतताना बघा. काठावर काटेरी पानांची, निळसर फुलांची मरांडी असते. चिप्पी हे खारफुटीचं झाड. ती रात्री फुलते, सकाळी तिचे पांढरे केसर झाडाखाली पडलेले सापडतात. तिवर हेही खारफुटीचंच झाड. त्याचं पान जिभेला लावा, खारट लागेल. झाड मीठ पानांतून बाहेर टाकतं. त्याची पेन्सिलीसारखी वर आलेली मुळं तुडवू नका, झाड त्यांतूनच श्वास घेतं. पुळणीवरच्या मर्यादवेलीची जांभळट फुलं दुपारपर्यंत मिटतात, तेव्हा रेंगाळू नका.

पाणी फिरलं की लगेच उठा. भरती समोरून येताना दिसते तोवर मागचा ओहळ भरलेला असतो, आणि परतीची वाट त्यातूनच असते. चिपळूणकडच्या वाशिष्ठी नदीच्या खाडीत मगरी आहेत. तिथे काठावर बसायचंच नाही, होडीतून बघायचं.