वीस संगणक, एक कनेक्शन: नॅट शिकताना

माझी पहिली नोकरी सातारा जिल्ह्यातल्या एका संगणक प्रशिक्षण केंद्रात होती. साल २००७. वीस संगणक, एकच ब्रॉडबँड कनेक्शन आणि दोन लॅनकार्डं लावलेला एक जुना पीसी. "यातून सगळ्यांना नेट दे," एवढंच सरांनी सांगितलं. नेटवर्किंगमध्ये येणाऱ्या प्रत्येकाने हे काम एकदा तरी स्वतःच्या हाताने करावं, असं मला मनापासून वाटतं.

आधी मुळाशी काय आहे ते बघा. आयपीव्ही४चा, म्हणजे इंटरनेटवर संगणक ओळखण्याच्या जुन्या पद्धतीचा, पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे जगभरात मिळून साधारण ४२९ कोटी पत्ते. ते पुरणार नाहीत हे लवकरच लक्षात आलं. १०, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ असे सुरू होणारे पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवले गेले. १९९६च्या आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या दस्तऐवजात ते आहेत. हे पत्ते कुणीही आपल्या घरात, ऑफिसात वापरावेत, पण बाहेरच्या इंटरनेटवर ते चालत नाहीत.

म्हणून मधे पत्ते बदलून देणारा सर्व्हर लागतो; आमच्याकडे तो म्हणजे तो जुना पीसी. या पत्तेबदलालाच नॅट म्हणतात. समजा १९२.१६८.१०.५ या संगणकाने एखादी साइट मागितली. सर्व्हर त्या पॅकेटवरचा, म्हणजे डेटाच्या तुकड्यावरचा, पाठवणाऱ्याचा पत्ता काढून स्वतःचा बाहेरचा पत्ता घालतो, गरज पडल्यास पोर्ट क्रमांकही (जोडणी ओळखण्याचा आकडा) बदलतो आणि या अदलाबदलीची नोंद ठेवतो. उत्तर आलं की नोंद बघून ते बरोबर पाच नंबरच्या संगणकाकडे पाठवतो. लिनक्समध्ये या नोंदी ठेवण्याचं काम कॉनट्रॅक करतो. सारी गंमत त्या नोंदवहीत आहे.

मी आयपीटेबल्समध्ये, म्हणजे लिनक्समध्ये पॅकेटचे नियम लिहायच्या साधनात, मास्करेडचा (पत्ता बदलण्याचा) नियम लिहिला, सगळ्या संगणकांना गेटवे, म्हणजे बाहेर जायचं दार, म्हणून सर्व्हरच्या आतल्या कार्डाचा पत्ता दिला, आणि काहीच चाललं नाही. कारण आयपी फॉरवर्डिंग बंद होतं. लिनक्स एका कार्डावरचं पॅकेट दुसऱ्या कार्डावर आपणहून पाठवत नाही; ती परवानगी कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, द्यावी लागते. ती दिली आणि नेट सुरू झालं. संध्याकाळी लोडशेडिंग झालं, यूपीएस बसला, सर्व्हर पुन्हा चालू केला तर नियम आणि परवानगी दोन्ही गायब. दोन्ही कायमस्वरूपी साठवायचं असतं, हे त्या दिवशी कळलं.

खरा धडा मात्र पुढच्या आठवड्यात मिळाला. पिंग (समोरचा उत्तर देतो का ते बघणारं छोटं पॅकेट) जायचं, काही साइट उघडायच्या, काही अर्ध्यावर अडकायच्या. त्याच साइट सर्व्हरवर बसून उघडल्या तर झटकन यायच्या. दोन दिवस मी केबल आणि डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी सेवा) तपासत बसलो. शेवटी टीसीपीडंप हे येणारी-जाणारी पॅकेट्स दाखवणारं साधन लावून पॅकेटचे आकार पाहिले तेव्हा उलगडा झाला. आमचं कनेक्शन पीपीपीओईवर, म्हणजे लॉगिन करून जोडायच्या ब्रॉडबँड पद्धतीवर, होतं. इथरनेटवर १५०० बाइटचं पॅकेट जातं, पण पीपीपीओईचे ८ बाइट वजा जाता १४९२च उरतात. सर्व्हरला हे ठाऊक होतं, आतल्या संगणकांना नव्हतं. ते समोरच्याला १४६० बाइटचे तुकडे मागायचे, त्यावर ४० बाइटचं हेडर लागलं की पॅकेट १५००चं व्हायचं, ती मोठी पॅकेट्स वाटेत अडायची, आणि "लहान तुकडे कर" हा आयसीएमपी (नेटवर्कच्या अडचणी कळवणारा) निरोप समोरच्या फायरवॉलने अडवला की साइट लटकलीच. जाणाऱ्या जोडण्यांचा एमएसएस, म्हणजे हा मागितलेल्या तुकड्याचा आकार, १४५२वर आणणारा एक नियम घातला आणि सगळं सुरळीत झालं. आयसीएमपी सरसकट बंद करणाऱ्यांवर माझा राग तेव्हापासूनचा आहे.

तुम्हाला यासाठी वीस संगणक नकोत. लॅपटॉपवर दोन व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने उभे केलेले संगणक, पुरेत. एकाला दोन कार्डं द्या, दुसऱ्याला एक. आता आयपीटेबल्सऐवजी एनएफटेबल्सवर शिका, तत्त्व तेच आहे. नेट चालू झालं की मुद्दाम बिघडवा. मास्करेड काढा आणि बाहेरच्या कार्डावर टीसीपीडंप लावा: १९२.१६८चा पत्ता तसाच बाहेर पडताना दिसेल, उत्तर येणार नाही. मग फॉरवर्डिंग बंद करा: पॅकेट आतल्या कार्डावर येईल, बाहेरच्यावर दिसणारच नाही. मुलाखतीत "नेट चालत नाही, काय कराल?" असं विचारतात, तेव्हा पॅकेट कुठपर्यंत पोचलं हे आधी बघेन, असं सांगणारा उमेदवार मला आवडतो.

आणि घरच्या राऊटरचा बाहेरचा पत्ताही बघा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल, तर सेवा देणाऱ्या कंपनीकडे तुमच्यापुढे आणखी एक नॅट आहे. मग पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली मागणी आतल्या उपकरणाकडे वळवणं) कितीही नीट केलं तरी घरचा सीसीटीव्ही त्या वाटेने बाहेरून दिसणार नाही.